जळगावची कोंबडी, इटलीचा हंस

२००६ च्या होळीला मी आईबरोबर मामाच्या गावी गेलो होतो. तिसरीत होतो. आमचं घर मुक्ताईनगरला, मामाचं गाव तापीच्या पलीकडे, सावद्याच्या बाजूला, केळीच्या बागांमध्ये. आजीकडे तेव्हा आठ-नऊ गावठी कोंबड्या होत्या. दिवसभर गोठ्यामागे उकिरडा उकरायच्या आणि संध्याकाळी आपणहून खुराड्यात शिरायच्या. त्यातल्या एका तांबड्या कोंबडीला मी माझी म्हणायचो.

धुळवडीनंतर एक-दोन दिवसांत गावात जीप आली. पांढरे कपडे, तोंडाला मास्क, हातात मोजे घातलेली माणसं उतरली. आज पीपीई किट हा शब्द प्रत्येकाला माहीत आहे, पण तेव्हा आम्हा पोरांना ते चंद्रावर गेलेल्या माणसांसारखे वाटले होते. ते घरोघर फिरले. आजीच्या कोंबड्याही त्यांनी पोत्यात भरून नेल्या. गावाबाहेर खड्डा खणला होता आणि शेजारी चुन्याच्या गोण्या होत्या. आम्हाला तिकडे जाऊ दिलं नाही.

त्या दिवशी आजी एकच वाक्य परत परत म्हणत होती. "माह्या कोंबड्यायले कायबी झालं नव्हतं. चांगल्या दाने टिपत व्हत्या."

ती आजही हेच म्हणते. मी आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. विषाणूंचा आणि माझ्या कामाचा काही संबंध नाही. पण दोनेक वर्षांपूर्वी एका रात्री सहज म्हणून विषाणूंच्या जनुकांचा एक सार्वजनिक डेटाबेस चाळत होतो. कोणीही उघडून पाहू शकतं असा. शोधाच्या चौकटीत 'जळगाव' टाकलं आणि नोंद निघाली.

फ्लूच्या विषाणूंना नाव देण्याची जगभर एक ठरलेली पद्धत आहे. आधी विषाणूचा प्रकार, मग कोणत्या प्राण्यात सापडला, मग गाव, मग नमुन्याचा क्रमांक, शेवटी वर्ष. माणसात सापडला असेल तर प्राणी लिहीत नाहीत. आमच्या फाइलींच्या नावांसारखंच हे. त्या नोंदीत ए, चिकन, जळगाव, एक क्रमांक आणि २००६ असं लिहिलं होतं. खाली चार अक्षरांचा न संपणारा मजकूर.

माझ्या आठवणीतली जीप आणि पडद्यावरचा तो मजकूर यांच्यामध्ये नेमकं काय झालं होतं, ते शोधायला मी तिथून लागलो.

एक शब्द, तीन रोग

कोंबड्या पटापट मरायला लागल्या की आपल्याकडे लोक म्हणतात, मानमोडी आली. कोंबडी मान टाकते, वाकडी करते, सुस्त होते आणि मरते. पशुवैद्यकीय पुस्तकात या रोगाला राणीखेत म्हणतात, कारण भारतात तो कुमाऊंमधल्या राणीखेतला १९२०च्या दशकात ओळखला गेला. जगात इतरत्र त्याचं नाव न्यूकॅसल. तो फ्लू नाही. त्याचा विषाणू वेगळ्याच घराण्यातला.

पण जुन्या माणसांच्या बोलण्यात मानमोडीचा आणखी एक अर्थ होता. १९१८ साली माणसांमध्ये जो जीवघेणा ताप आला, त्यालाही महाराष्ट्रात मानमोडीच म्हणत. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत साथ सुरू झाली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत ती खेडोपाडी पोचली. भारतात या साथीत सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असावीत, असा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं एकदाच झालं.

म्हणजे कोंबडीचा राणीखेत आणि माणसाचा इन्फ्लुएन्झा, दोन्हींना एकच शब्द. आणि २००६ मध्ये खानदेशात आला तो तिसरा रोग, कोंबडीचा इन्फ्लुएन्झा. लोकांनी त्यालाही आधी मानमोडीच म्हटलं. यात लोकांची चूक नव्हती. डोळ्यांना हे तिन्ही सारखेच दिसतात. गेल्या शंभर वर्षांत प्रयोगशाळेने जे काम केलं, ते एका परीने हा एक शब्द सोडवण्याचं काम आहे.

ते सरळ रेषेत झालं नाही. १८७८ मध्ये इटलीत पेरोन्चितो नावाच्या शास्त्रज्ञाने कोंबड्यांच्या एका भयंकर साथीचं वर्णन लिहिलं. १९०१ मध्ये कळलं की या रोगाचं कारण बॅक्टेरिया अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही आरपार जातं. म्हणजे ते बॅक्टेरियाहून लहान होतं. पुढे १९१८ मध्ये माणसं मरत होती, तेव्हा बहुतेक डॉक्टर रोग्यांच्या थुंकीत एक बॅक्टेरिया शोधत होते. फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात तो फ्लूचं कारण म्हणून सांगितला होता. तो काही रोग्यांमध्ये सापडायचा, काहींमध्ये नाही. खरा आरोपी गाळणीतून केव्हाच निसटून जात होता.

माणसाच्या फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला. लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रोग्याच्या घशातलं पाणी गाळून ते फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात सोडलं. फेरेटला सर्दी-ताप आला. आणि मग १९५५ मध्ये शेफर या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की १८७८ पासून माहीत असलेला तो कोंबड्यांचा रोग म्हणजे इन्फ्लुएन्झाच आहे. कोंबडीचा फ्लू चोपन्न वर्षं प्रयोगशाळेत होता, पण तो फ्लू आहे हे कोणाला माहीत नव्हतं.

नवापूर ते भोपाळ

आता २००६. नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातलं गाव गुजरातच्या सीमेवर आहे. इतकं सीमेवर की रेल्वे स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. इथे अंड्यांच्या कोंबड्यांचे मोठे पोल्ट्री फार्म आहेत. त्या वर्षीच्या सुरुवातीला तिथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. पहिला संशय अर्थातच राणीखेतवर होता. १८ फेब्रुवारी २००६ रोजी सरकारने जाहीर केलं की हा बर्ड फ्लू आहे, उपप्रकार एच५एन१. भारतातली ही पहिली नोंद.

मार्चच्या मध्यावर जळगाव जिल्ह्यातली गावं आली. मारूळ, हातेड, सावदा. इथे मोठे फार्म नव्हते, परसातल्या कोंबड्या होत्या. मार्चच्या शेवटी बुऱ्हाणपूरच्या अलीकडचं इच्छापूर आलं. मुक्ताईनगरहून बुऱ्हाणपूरला जाताना सीमा ओलांडली की लागतं ते. आमचं गाव या दोन्हींच्या मधोमध. त्या तीन महिन्यांत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश मिळून सुमारे दहा लाख पक्षी मारले गेले.

निदान झालं भोपाळच्या प्रयोगशाळेत. प्राण्यांच्या घातक रोगांसाठी असलेली ही देशातली अतिसुरक्षित प्रयोगशाळा. तिथे अशा नमुन्यावर काय करतात, ते समजून घेताना मला पहिला धक्का बसला. कोंबडीचा रोग ओळखायला आजही अंडं लागतं. नऊ ते अकरा दिवसांचं, आत पिल्लू वाढत असलेलं. मेलेल्या कोंबडीतला नमुना त्यात टोचतात. विषाणू स्वतः वाढू शकत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात, आणि अंडं ही त्याची तयार खोली. काही दिवसांनी पिल्लाभोवतीचं पाणी काढून तपासतात.

पुढची चाचणी १९४१ मध्ये हर्स्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये शोधलेली, आणि ती डोळ्यांनी दिसते. छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये ते पाणी आणि कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी मिसळतात. विषाणू नसेल तर पेशी तळाशी बसतात आणि लाल ठिपका दिसतो, शर्टाच्या बटणासारखा. विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींना बांधून ठेवतो. ठिपका बनतच नाही, फिकट लाल जाळी पसरते.

पण गंमत अशी की राणीखेतचा विषाणूही हेच करतो. म्हणजे या पायरीवर मानमोडी अजून मानमोडीच आहे. तिथे प्रतिपिंडं कामाला येतात. राणीखेतच्या विषाणूला ओळखून पकडणारी प्रतिपिंडं घाला. जाळी तशीच राहिली, तर तो राणीखेत नाही. मग एच५ ची प्रतिपिंडं घाला. बटण परत दिसलं, तर विषाणू पकडला गेला. तो एच५ आहे.

एच आणि एन ही विषाणूच्या पृष्ठभागावरच्या दोन प्रथिनांची आद्याक्षरं. एच पेशीला चिकटतं आणि आत शिरायला मदत करतं. एन नव्या विषाणूंना पेशीपासून सुटं करतं. पक्ष्यांमध्ये एचचे सोळा आणि एनचे नऊ प्रकार सापडतात. त्यांतले बहुतेक रानबदकांच्या आतड्यात फारसा त्रास न देता राहतात.

मग एच५एन१ इतका जीवघेणा का? याचं उत्तर एका छोट्या जागेत आहे. एच प्रथिन कामाला लागण्याआधी त्याचे दोन तुकडे व्हावे लागतात. हे कापण्याचं काम पक्ष्याच्याच शरीरातली विकरं करतात. सौम्य विषाणूत कापायच्या जागी आर्जिनिन हा एकच घटक असतो, आणि तो कापणारं विकर मुख्यतः श्वासनलिकेत आणि आतड्यातच असतं. म्हणून रोग तिथेच अडकतो. घातक विषाणूत तिथे आर्जिनिन आणि लायसिनची रांग असते. ती कापणारं विकर शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत आहे. मग मेंदू, हृदय, मूत्रपिंड, काहीच सुटत नाही. कोंबडी एक-दोन दिवसांत मरते. मजकुरातली त्या जागेची जास्तीची अक्षरं वाचली की सांगता येतं, हा रोग फार्म रिकामा करणार आहे.

२००६ मध्ये माणसांचेही नमुने तपासले गेले. त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा वाटा मोठा होता. खानदेशातल्या कोणाही माणसात एच५एन१ सापडला नाही. आम्ही तेव्हा टीव्हीसमोर बसून जे घाबरत होतो, त्याचं उत्तर तिथून आलं.

हंस कुठून आला

फ्लूच्या विषाणूचा सगळा मजकूर साधारण साडेतेरा हजार अक्षरांचा असतो. तुम्ही वाचताय त्या लेखात साधारण तितकीच अक्षरं असतील. तो आठ तुकड्यांत विभागलेला असतो. विषाणू स्वतःच्या नकला काढताना सतत चुका करतो आणि त्या सुधारण्याची सोय त्याच्याकडे नाही. नक्कल पुढे जाते तशी चूकही पुढे जाते. म्हणून दोन विषाणूंचे मजकूर शेजारी ठेवले की कोण कोणाचं जवळचं, हे सांगता येतं. आम्ही दोन फाइलींमधला फरक काढतो, तसंच. कॉपी करणाऱ्या मुलांच्या पेपरात सारखी चूक सापडली की मास्तरांना कळतं ना, तसंच.

भोपाळच्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या कोंबड्यांच्या विषाणूंचे मजकूर जगातल्या इतर मजकुरांशी ताडून पाहिले आणि निष्कर्ष २००६ मध्येच 'करंट सायन्स'मध्ये छापला. आमच्याकडचे विषाणू त्याच वर्षी इटली आणि इराणमध्ये हंसांत सापडलेल्या विषाणूंशी मिळतेजुळते होते.

मी हे वाक्य तीन वेळा वाचलं. केळीच्या बागेमागे उकिरडा उकरणारी कोंबडी आणि इटलीतला हंस.

याचा अर्थ कोणी हंस इटलीहून उडत सावद्याला आला असा नाही. दोघांच्या विषाणूंचे पूर्वज एक होते, एवढाच अर्थ. २००५ मध्ये चीनच्या किंघाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले होते. त्यांत हिमालय ओलांडून भारतात हिवाळा काढणारे, डोक्यावर काळे पट्टे असलेले कलहंसही होते. त्या विषाणूचं घराणं पुढे काही महिन्यांत पश्चिम आशिया, युरोप आणि आफ्रिकेपर्यंत पसरलं. त्याचीच एक फांदी आमच्याकडे आली.

इथे मला थांबायला हवं, कारण इथेच बहुतेक बातम्या घाई करतात. आमच्याजवळ हतनूर धरण आहे. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव मंदिर त्याच्याच फुगवट्याच्या काठावर. तिथे हिवाळ्यात हजारो पाहुणी बदकं येतात. मग रोग त्यांनीच आणला, असं म्हणणं सोपं आहे. पण विषाणू पिल्लांच्या ट्रकमधून, अंड्यांच्या ट्रेमधून, खाद्याच्या पोत्याला लागलेल्या विष्ठेतून आणि चपलेच्या तळव्यालाही चिकटून जातो. मजकूर विषाणूचं घराणं सांगतो, तो कोणत्या गाडीत बसून आला ते सांगत नाही. त्यासाठी सगळ्या ठिकाणांहून, सगळ्या वेळी घेतलेले नमुने लागतात. ते नसतील तर झाडाच्या दोन फांद्या दिसतात, मधला बुंधा दिसत नाही.

मेलेल्यांचा मजकूर

१९१८ ची मानमोडीही अखेर वाचली गेली. अलास्कातल्या ब्रेविग मिशन या वस्तीत त्या साथीत मेलेली माणसं कायम गोठलेल्या जमिनीत पुरली होती. योहान हल्टिन यांनी १९५१ मध्ये तिथे खोदून फुप्फुसाचे नमुने काढले आणि विषाणू वाढवायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. १९९७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ते परत गेले. आता जिवंत विषाणूची गरज नव्हती, तुटके मजकूर पुरेसे होते. टॉबेनबर्गर यांच्या गटाने ते जोडत जोडत २००५ मध्ये पूर्ण मजकूर तयार केला. त्याच वर्षी अमेरिकेत कडक बंदोबस्तात तो विषाणू पुन्हा जिवंतही केला गेला. हे करावं की नाही, यावर तेव्हा वाद झाला आणि तो संपलेला नाही.

त्या मजकुरात एक गोष्ट दिसली. १९१८ च्या विषाणूत कापण्याच्या जागी ती घातक रांग नव्हती. माणसांची मानमोडी आणि कोंबड्यांची मानमोडी दोन वेगळ्या वाटांनी मारत होत्या. एका शब्दात बांधलेल्या गोष्टी इथे पूर्ण सुट्या झाल्या.

तरी त्यांच्यातली भिंत फार जाड नाही. विषाणूच्या पीबी२ नावाच्या प्रथिनात ६२७ क्रमांकाची एक जागा आहे. पक्ष्यांच्या विषाणूंत तिथे बहुतेक वेळा ग्लुटामिक आम्ल असतं, माणसांच्या फ्लूत बराच काळ लायसिन होतं. लायसिन असलं की विषाणू सस्तन प्राण्यांच्या पेशीत जास्त चांगला वाढतो. किंघाई घराण्यातल्या विषाणूंत या जागी लायसिनच होतं. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. तो माणसांत साथ होऊन पसरला नाही. एका बदलाने साथ येत नाही, अनेक बदल एकत्र यावे लागतात. पण कोणत्या जागांवर लक्ष ठेवायचं हे आता माहीत आहे, आणि १९१८ मध्ये कोणाला ते माहीत नव्हतं.

कोण सांगतं, कोण नाही

२०१९ ची एक गोष्ट. मेळघाटात लहान मुलांच्या श्वसनरोगांचा एक अभ्यास चालू होता. शोधत होते दुसराच विषाणू. त्यात सतरा महिन्यांच्या एका मुलाचा नमुना पुण्याला गेला आणि त्यात एच९एन२ सापडला, कोंबड्यांमध्ये फिरणारा फ्लू. भारतात माणसात त्याची प्रयोगशाळेने खात्री केलेली ही पहिली केस. मूल बरं झालं. तो अभ्यास नसता तर तो फक्त एक ताप असता, आला आणि गेला.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. नमुने भोपाळला गेले. एच५एन१. त्याआधी २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला होता आणि लाखो कोंबड्या पुन्हा खड्ड्यात गेल्या होत्या.

यंत्रं वेगवान झाली आहेत. पीसीआरने काही तासांत उत्तर येतं. मजकूर वाचणारं यंत्र तर आता मुठीत मावतं. पण या सगळ्याच्या सुरुवातीला अजूनही एक माणूस असतो, ज्याच्या अंगणात कोंबडी मेली आहे आणि ज्याने ठरवायचं आहे की कोणाला सांगायचं की गुपचूप पुरून टाकायचं. तो गप्प बसला तर भोपाळची प्रयोगशाळा आंधळी आहे.

आणि त्याने का सांगावं? २००६ मध्ये आजीला भरपाईचे काही रुपये मिळाले, किती ते तिला आठवत नाही. ती कोंबड्या अंड्यांसाठी पाळायची आणि अंड्याचे पैसे ही घरातली एकमेव रक्कम होती जिचा हिशेब तिला कोणाला द्यावा लागत नसे. त्यानंतर कित्येक वर्षं तिने कोंबड्या पाळल्या नाहीत. तिच्याकडे कोणी परत आलं नाही, काय सापडलं ते सांगायला.

गेल्या दिवाळीत मी तिला सांगायचा प्रयत्न केला. मोबाईलवर जळगावची ती नोंद दाखवली. तुझ्या कोंबड्या बहुधा खरंच ठणठणीत होत्या, असंही म्हणालो. रोग सापडलेल्या जागेभोवती वर्तुळ आखतात आणि आतले सगळे पक्षी मारतात, कारण लागण झालेली कोंबडी दिसायला बरी असतानाच विषाणू पसरवू लागते, आणि एकेक कोंबडी तपासेपर्यंत तो पुढच्या गावी पोचलेला असतो. ते पाऊल चुकीचं होतं असं मला वाटत नाही. पण तिला हे वीस वर्षं कोणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा.

तिने पडद्यावरची अक्षरं बघितली. इंग्रजी तिला येत नाही.

"याच्यात माही कोंबडी कोनती?"

"तुझी नाही आजी. तुझ्या तपासल्याच नव्हत्या. ही दुसऱ्या कोणाची तरी."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. तिच्याकडे आता पुन्हा चार कोंबड्या आहेत. मी विचारलं, उद्या यातली एखादी अचानक मेली तर डॉक्टरला सांगशील का?

"सांगीन," ती म्हणाली. "पन पहिले इचारीन, बाकीच्यायचं काय करसान ते."